राखेनं घासलेली सूर्यचूल

चांगुणाबाईंनी तिसऱ्यांदा पातेल्याचं झाकण उचलून पाण्यात बोट बुडवलं. पाणी कोमटच होतं. बारा वाजत आले होते आणि फाट्यावर जीपचा धुरळा दिसू लागला होता.

एकोणीसशे त्र्याहत्तरचा, दुष्काळाचा उन्हाळा. बोरीच्या शाळेत बाई महिन्याभरापूर्वी हंगामी सेविका म्हणून लागल्या होत्या. अंगणातली सूर्यचूल सांभाळायची, हे त्यांचं काम. मोठ्या परातीच्या आकाराची ती चूल चकचकीत पत्र्याच्या पट्ट्यांची होती. पट्ट्या ऊन गोळा करून पातेल्याच्या बुडाशी टाकत. आज तिच्यावर भात शिजताना पाहायला जिल्ह्याचे साहेब यायचे होते. शिजला, तर बाई नोकरीत कायम होणार होत्या.

"धूळ पुसली होती ना बाई?" सीताराम गुरुजींनी विचारलं.

"पुसली जी." बाई म्हणाल्या.

गुरुजींनी पट्टीवरून बोट फिरवलं. धूळ नव्हती, पण सगळ्या पत्र्यावर बारीक ओरखडे उठले होते. वर्गात विचारत तसंच त्यांनी हळू विचारलं, "कशानं पुसली?"

बाई काही बोलायच्या आत जीप थांबली. ड्रायव्हरनं पातेल्यात डोकावून पाहिलं. "साहेब, च्याचं पानीबी तापंना की हिच्यावर."

साहेब पट्ट्या न्याहाळत म्हणाले, "परवाच्या वावटळीत खराब झाली वाटतं?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. बाई पुढे झाल्या.

"न्हाई जी. म्याच घासली, राखंनं."

"पाण्यानं धुवायची, हे सांगितलं नव्हतं?"

"गुर्जींनी सांगितलं व्हतं. पर दिवसाला दोन घागरी पानी. लेकरं पितेत तेवढंच. ते पत्र्यावर कसं वतू? घरी भांडे घासायलोत आमी कोरड्या राखंनं, तसंच घासलं."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि जीप निघून गेली.

गुरुजी म्हणाले, "धूळ ऊन अडवते बाई, पण ती धुतली की जाते. ओरखडा उन्हाला भलतीकडेच फेकतो, अन् तो जात नाही."

बाईंनी मान हलवली. उद्या या, असं कुणी म्हटलं नव्हतं. येऊ नका, असंही नाही. त्यांनी भिंतीच्या कडेला तीन दगड मांडले, काटक्या मोडल्या. आगपेटीच्या दोन काड्या विझल्या. तिसरी पेटली, तसं त्यांनी भाताचं पातेलं दगडांवर चढवलं.

आत मुलं ताटल्या घेऊन ओळीनं बसली होती.