दोन्ही हातांवरचे फोड

"बघा, बघा! कॅन्सर भायेर आला!"

महाराजांनी चिमट्यात धरलेली काळपट साल उंच केली आणि वेल्ह्याच्या बाजारामागच्या पत्र्याच्या शेडात दोनशे माणसांनी एकदम "आऽऽ" केलं. ज्याच्या मानेवरून ती साल निघाली तो शिवऱ्याचा हरिबा पाटावर बसला होता. मानेवर लालभडक ओला चट्टा, त्यातून पिवळं पाणी गळतंय, आणि डोळ्यांतून आसवं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कुणी मोबाईल वर धरून शूटिंग घेत होतं. महाराजांनी ती साल काचेच्या बाटलीत टाकली, वर पाणी ओतलं, झाकण लावलं आणि मांडणीवर ठेवली. तिथं अशा वीसेक बाटल्या आधीच उभ्या होत्या, लोणच्याच्या बरण्यांसारख्या.

लोक त्याला गाठमोडे महाराज म्हणत. अंगावर भगवं, हातात भारीचं घड्याळ आणि तोंड म्हणजे पाण्यावर चालणारी गिरणी.

"पुण्याचे डागदर काय करत्यात? कापत्यात, भाजत्यात, आन आता नवीन सुई काढलीया. म्या काय करतो? म्या फकस्त इम्युनिटीला हाक मारतो! लेप लावला का इम्युनिटी डबल. ती कॅन्सरची मानगूट धरून त्याला भायेर वढती. निरोग्या मासाला माझा लेप शिवत सुदिक न्हाई. रोग असंल तितंच फोड येनार!"

"आन फोड न्हाई आला तर?" मी मागून विचारलं.

"मग श्रद्धा कमी पडली, माय. आनखी तीन रविवार यायचं."

वा रे वा! फोड आला तरी महाराज खरे, नाही आला तरी महाराज खरे. असला व्यवहार आमच्या गोठ्यात चालत नाही. म्हैस गाभण आहे म्हणून कुणी कितीही छातीठोक सांगो, दहा महिन्यांनी रेडकू दिसावंच लागतं.

मी तिथं होते कारण रांगेत माझी सून रत्ना बसली होती. नाहीतर असल्या उंबऱ्याला भामाबाईचा पाय लागायचा नाही.

रत्नाच्या गालात दोन वर्षांपूर्वी न भरणारी जखम झाली. मिसरीनं. ती मिसरी तिला कुणी लावली हे मी लपवत नाही. मीच लावली. नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिची दाढ दुखायची. मी तव्यावर तंबाखू भाजली, कुटली आणि तिच्या तळहातावर ठेवली. आमच्या वाडीत सासूनं सुनेला आपल्या डबीतली मिसरी दिली म्हणजे तिला लेकीसारखी मानली. असा आमचा मान. त्या मानानं पोरीचा गाल खाल्ला.

पुण्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, विजेचे शेक दिले. वर्षाच्या आत मानेत गाठ आली. फोटो काढला तर छातीत, फुफ्फुसात, आणखी एक बारकी दिसली. मग डॉक्टरांनी नव्या तऱ्हेचं इंजेक्शन सुरू केलं, दर तीन आठवड्यांनी एक. दोन झाली, आणि मानेतली सुपारीएवढी गाठ लिंबाएवढी दिसायला लागली.

माझा लेक धनाजी हादरला. "आये, महाराज म्हनत्यात, सुई गाठीला खत घालती. दोन औषधं येका अंगात नांदत न्हाईत. आदी सुई बंद, मग लेप."

"आन महाराज काय शिकलाय? तुज्याइतका तरी?"

"तू काय शिकलीस गं? तिसरी!"

"तिसरीत बी खतानं काय वाढतं आन काय न्हाई, येवडं कळत व्हतं."

भांडले, शिव्या दिल्या, दारात आडवी पडेन म्हणाले. नाही ऐकलं. डोळ्यांदेखत बायको चाललेल्या माणसाला ओरडून शहाणपण येत नसतं. तिसऱ्या इंजेक्शनची तारीख दहा दिवसांवर आली होती, आणि त्या रविवारी रत्नाच्या मानेला लेप लागला.

बुधवारी तिची मान सुजून खांद्याला टेकली. फोड आले, फुटले. रात्रंदिवस खाजवून पोर रडकुंडीला आली, तरी म्हणते, "आत्याबाई, खाज म्हंजी रोग चालला म्हनं."

मी पट्टी सोडली आणि बघतच राहिले. फोडांच्या कडेला काळसर तपकिरी रेघ होती, शाई ओघळावी तशी. ही रेघ मी ओळखत होते. सात वर्षांची असताना माझ्या टाचेत काटा मोडला. आईनं बिब्बा तापवून त्याचं तेल टाचेला दाबलं. अशीच काळी कड, अशीच खाज, आणि पाय गुडघ्यापर्यंत सुजून महिनाभर पांगळी. बिब्बा कुणाला सोसतो, कुणाला उततो. मला उततो. तेव्हापासून बाळंतिणीच्या खोलीत बाळाच्या कमरेचा बिब्बा दिसला तरी मी चार हात लांब बसते.

पण नुसत्या संशयावर माणसं महाराजाच्या दारातून उठत नाहीत, हे मला माहीत आहे. कालवणात खवट काय पडलं ते शोधायचं तर एकेक जिन्नस वेगळा चाखावा लागतो. मी पट्टीवरचा लेप खरवडून माझ्या डाव्या हाताला, कोपराखाली, रुपयाएवढा लावला. घरातला बिब्बा फोडून त्याचं तेल महाराजाच्या लेपासारखंच हळद आणि राखेत कालवलं, तो माझा लेप उजव्या हाताला. त्याच्याच शेजारी नुसती हळद आणि राख.

शुक्रवारी सकाळी डावा हात टरारून फुगला होता. उजवाही. नुसत्या हळद-राखेची जागा मात्र धुतल्या भांड्यासारखी स्वच्छ.

धनाजीला दोन्ही हात दाखवले. तो वळून गोठ्यात गेला. पण रत्नाला घेऊन मी भोरची एसटी धरली तेव्हा तोही मुकाट्यानं मागं येऊन बसला.

भोरच्या डॉक्टर शुभ्रा, ज्यांनी रत्नाला पहिल्यांदा पुण्याला धाडलं होतं, त्या माझ्यावरच कडाडल्या. "भामाबाई, हे काय केलंत? या वयात अंगाला भाजून घेतलंत? परत असलं करायचं नाही!"

"न्हाई करत. पर आदी सांगा, ह्येनं इम्युनिटी वाडली का?"

त्या हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. "इम्युनिटी म्हणजे अंगातली राखण. तुमच्या बकऱ्यांच्या वाड्याला कुत्री असतात ना, तशा पेशी रक्तातून हिंडत असतात. बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं, आणि ते परकं म्हणून तुमची राखण त्याच्यावर तुटून पडते. एकदा उतला की ती त्याला ओळखून ठेवते, पुढच्या वेळी जास्त जोरात उठते. खाज, सूज, पाणी, हा सगळा त्यांचाच दंगा. पण दंगा कातडीत. गाठ त्याच्या खाली, आहे तिथंच."

"मंग ती राखन गाठीवर का न्हाई भुकत?"

"गाठ परकी नाही म्हणून. ती तुमच्याच मांसाची, घरातली."

हे मात्र मला शिकवावं लागलं नाही. घरचा माणूसच बकरं चोरायला लागला तर कुत्रं शेपूट हलवत त्याच्या मागून चालतं.

"आणि भुंकायला लागलं तर हा चोर त्याला मुसकं बांधतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुण्याचं इंजेक्शन गाठीला मारत नाही. ते राखणीचं मुसकं सोडतं. मग मारायचं काम राखण करते."

इतका वेळ खाली बघत बसलेला धनाजी एकदम बोलला. "मंग गाठ वाडली कशी, म्याडम? म्या सोता हातानं चाचपलीया."

"कधी कधी राखणदारांची गर्दी गाठीत शिरते आणि गाठ आधी फुगते. पण ते क्वचित. पुष्कळदा गाठ वाढली म्हणजे रोगच वाढला, औषध लागू पडत नाही. मी तुला खोटी आशा देणार नाही. यातलं काय आहे ते माझ्या बोटांना कळत नाही, तुझ्याही नाही आणि त्या महाराजाच्या तर मुळीच नाही. फोटो काढायचा, थोडं थांबून परत काढायचा, दोन्ही ताडून बघायचे. हे औषध सगळ्यांना लागू पडत नाही. मुसकं सुटलेली राखण कधी आपल्याच आतड्याला, गळ्यातल्या ग्रंथीला चावते. जुलाब लागले, धाप लागली तर तासात फोन करायचा. पण तारीख चुकवून काहीच कळणार नाही. आणि मानेची ही उघडी जखम पिकली, ताप आला, तर इंजेक्शन लांबणारच."

"किती?"

"ते जखमेला विचार. पाच दिवस राहिलेत."

धनाजीनं रत्नाकडं बघितलं. रत्ना त्याच्याकडं बघेना.

रविवारी मी शेडात गेले. दोन्ही हात पदराखाली. धनाजी सोबत होता. रत्ना घरी मलम लावून पडली होती.

गर्दी तेवढीच होती. पाटावर पुन्हा हरिबा, आणखी एक लेप घ्यायला आलेला.

"महाराज," मी मोठ्यानं म्हणाले, "परत येकदा सांगा की, समद्यांना ऐकू जाऊ द्या. निरोग्या मासाला लेप शिवत न्हाई ना?"

"कालत्रयी न्हाई! हंस जसा दुदातनं पानी येगळं करतो, तसा माझा लेप!"

मी पदर मागं टाकला आणि दोन्ही हात वर केले. पुढच्या बायका मागं सरकल्या.

"येका हाताला तुमचा लेप हाय. येका हाताला म्या घरी केल्याला. वळखा, हंस महाराज. तुमचा कंचा?"

महाराजांनी हा हात बघितला, तो हात बघितला. लोक बघतायत म्हटल्यावर बोट दाखवावंच लागलं. उजव्याकडं.

"त्यो माजा!" मी म्हणाले. "घरातला बिब्बा, हळद आन चुलीतली राख. तुमचा ह्यो डावा. आन उजव्यावरच बगा, लेपाशेजारी नुसती हळद-राख, केस बी हलला न्हाई."

कुणीतरी खुदकन हसलं. पण महाराज हार जाणारे नव्हते. डोळे वटारून त्यांनी त्रिशूळ आपटला. "म्हातारे! तुजंच मरान जवळ आलंय! तुज्या दोनी हातांत कॅन्सर हाय, म्हनून फोड आलं! माज्या लेपानं तुला वाचीवलं!"

हसू थांबलं. खोटं कशाला बोलू, लोकांच्या डोळ्यांत माझ्याविषयी कीव दिसायला लागली.

"बरं, आसंल बाबा कॅन्सर," मी म्हणाले. "मंग उजव्या हाताचा कुनी काडला? बिब्ब्यानं! बिब्बा हितल्या परत्येक घरात हाय. मंग तुजं काय काम रं, मेल्या?"

आता हसू फुटलं ते आवरेना. "खरं हाय की," एक बाई ओरडली, "माज्या जावंला बिब्बा उतला तवा अशीच साल निगाली व्हती!" दुसरा म्हणाला, "आमच्या बापाच्या टाचंची बी!" ज्याला-त्याला आपापला बिब्बा आठवला. वर्षानुवर्षं घराघरात पाहिलेली गोष्ट, पण भगव्या कापडाशेजारी ठेवली की ओळखू येईना, अशी आमची अक्कल.

चेल्यानं मला ढकलायला हात टाकला. धनाजीनं तो हवेतच धरला. "माज्या आयला हात लावायचा न्हाई," एवढंच म्हणाला. मग मांडणीकडं गेला आणि एक बाटली उचलून लोकांसमोर धरली. "ह्यो कॅन्सर न्हाई. ह्ये आपलं कातडं हाय. माज्या बायकूचं बी हितंच आलं आसतं."

तेवढ्यात हरिबा पाटावरून उठला. त्याचा आवाज अगदी बारीक आला.

"भामाबाई, मंग माजी गाठ?"

याचं उत्तर द्यायला मला जड गेलं. पण दिलं. "तितंच हाय, हरिबा. वरची साल तेवडी गेली."

"तीन म्हयने झालं, म्या दवाखाना सोडला."

हरिबानं मानेवरून हात फिरवला, महाराजांकडं बघितलं आणि म्हणाला, "माजं तीन म्हयने काड त्या बाटलीतनं भायेर."

महाराज आत गेले ते बाहेर आले नाहीत. पुढच्या रविवारी शेडाला कुलूप होतं. आता आंबवड्याकडं कुठंतरी दुसऱ्या नावानं बसतो असं ऐकते. तिथल्या बायांनी हे वाचावं म्हणून तर हा खटाटोप.

रत्नाची जखम भरायला वेळ लागला, इंजेक्शन पंधरा दिवसांनी लांबलं. ते पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. नंतरच्या फोटोत गाठ तेवढीच. डॉक्टर म्हणाले, थांबू. आणखी दोन इंजेक्शनं झाली, पुन्हा फोटो काढला, आणि मानेतली गाठ निम्म्यावर आली होती. रोग संपला असं कुणी म्हणत नाही. उपचार चालू आहेत. हरिबाही पुण्याला जातो. त्याला उशीर झालाय, त्याचं काय होईल ते डॉक्टरही सांगत नाहीत.

परवा वेल्ह्याच्या स्टँडवर सोनबा भेटला, धनाजीचा मावसभाऊ. रत्नाची मान बघून म्हणाला, "काई म्हन वैनी, उशिरानं का हुईना, पर लेपच लागू पडला!"

मी तोंड उघडणार तोच रत्ना बोलली. माझ्यासमोर कधी मान वर न करणारी रत्ना.

"भावजी, माज्या फुप्फुसात बी येक गाठ व्हती. ती बी बारकी झाली, फोटुत दिसतंय. तितं लेप कुनी लावला वो? महाराज माज्या छातीत शिरला व्हता का?"

सोनबाला एसटी आल्याचं निमित्त मिळालं.

बायांनो, बाप्यांनो, माझं एवढंच सांगणं आहे. गाठ दिसली, तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टर गाठा. उपचार मधेच सोडावासा वाटला तर आधी त्याच डॉक्टरला जाऊन भांडा. आणि चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी विचारा: हेच निरोग्या माणसाला करून काय होतं? हे फसलं, असं कधी म्हणायचं? याला शाळा लागत नाही. जो या प्रश्नांनी चिडेल, त्याच्या दारातून आपलं माणूस हाताला धरून उठवा, आणि त्याच दिवशी उठवा.