दादाचं सरकतं दार

माझं उजवं मनगट मोडलं ते गॅरेजच्या दारामुळे, आणि ते दार केलं होतं माझ्या थोरल्या भावाने. हलक्या फळ्यांचं, बाहेर उघडणारं. वारा आला, दार फिरलं आणि मधे माझा हात सापडला. हाड जुळलं, पण जोर काही परत आला नाही. दादा या विषयावर चकार शब्द बोलला नाही. एका सकाळी येऊन त्याने ते दार उखडून टाकलं.

"आता सरकतं करतो. वादळाच्या बापाला हलणार नाही."

मला ते हलायला हवं होतं. दवाखान्यांच्या चादरी धुऊन पोचवायचा माझा धंदा. नवरा परगावी नोकरीला, घरात मी एकटी. पहिल्या दवाखान्यात सातला गाडी लागायची. दोनदा उशीर झाला होता. पुन्हा झाला तर काम दुसऱ्या कोणाला देऊ, असं तिथल्या मोठ्या बाईंनी तोंडावर सांगितलं होतं.

हे सगळं मी दादाला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि दीड इंची फळ्या आणल्या.

चौकट झाली, तिला तिरप्या पट्ट्या झाल्या, बाहेरून फळ्या बसल्या. दोन्ही झडपा देखण्या दिसत होत्या. मला वाटलं, संपलं. पुढच्या रविवारी दादा आतूनही फळ्या बसवायला लागला. त्याच्या पुढच्या रविवारी लोखंडी पट्ट्या.

"दादा, पुरे कर."

"तू चादरींचं बघ, चिमे. लाकडातलं मला कळतं."

"पण ढकलायचंय मला!"

"वर चाकं आहेत ना? एका बोटाने जाईल."

वहिनी पायरीवर शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "यांना स्टूल करायला सांगितलं तरी हत्ती बसणार असं धरून करतात."

चार माणसांनी उचलून झडपा वरच्या लोखंडी रुळावर टांगल्या. दादाने दोन्ही हातांनी रेटा दिला. झडप गुरगुरत बाजूला गेली. "बघ!" म्हणाला, आणि हात झटकून घरी गेला.

सकाळी मी डावा हात लावला. ढिम्म. पाठ लावली, टाचा रोवल्या, तेव्हा कुठे वीतभर सरकली. धावत दादाकडे गेले. तो दात घासतच आला आणि एका दमात उघडून मोकळा झाला.

"झोपेत असतेस तू. जरा जोर लाव."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तो लवकर कामावर गेलेला. रस्त्यावरच्या दोन अनोळखी माणसांना विनवून मी दार उघडलं आणि सात वाजून दहा मिनिटांनी पोचले. मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "उद्याची शेवटची संधी," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी दादाला गॅरेजसमोर उभा केला.

"उजवा हात खिशात घाल."

"हा काय पोरखेळ?"

"घाल म्हणते ना!"

त्याने डाव्या हाताने रेटलं. कपाळाची शीर फुगली. खांदा लावायला गेला.

"खांदा नाही. माझा खांदा एवढा आहे का?"

तो थांबला. मनगट मोडल्यापासून पहिल्यांदाच त्याने माझ्या हाताकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल.

"पेचकस आण," तो म्हणाला. "आणि तुझ्यासाठी नाही हं. चाकांवर भार येतोय म्हणून."

आतल्या फळ्या निघाल्या, लोखंडी पट्ट्या निघाल्या. झडपा हलक्या झाल्या खऱ्या. पण तेवढ्या दिवसांच्या ओझ्याने वरचा रूळ दोन्हीकडे वाकला होता. झडपा छान सरकत जायच्या आणि त्या वाकलेल्या जागी आल्या की हटून बसायच्या.

"रूळ रविवारी बदलतो," दादा म्हणाला.

दुसऱ्या सकाळी मी डाव्या तळव्याने दोन्ही झडपा जातील तेवढ्या सारल्या. गाडीचे दोन्ही आरसे मिटले, श्वास रोखला आणि इंचाइंचाने गाडी मागे घेतली. इकडे दोन बोटं जागा, तिकडे दोन बोटं. सातला पाच कमी असताना मी दवाखान्यात चादरी उतरवत होते.

तो रविवार अकरा वर्षं आला नाही. काम माझ्याकडेच राहिलं. रोज सकाळी मी आरसे मिटून गाडी काढत होते आणि दादाला मनसोक्त शिव्या घालत होते.