टाकीच्या आधी मी

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना मातीचा ढीग आहे, पण ऐरागैरा नाही. समोर ती तेलाची प्रचंड टाकी ताठ उभी दिसते ना? तिच्या आधी त्या जागेवर मी बसलो होतो.

ती जमीन म्हणजे मऊ चिकणमाती, पाण्याने फुगलेली. तिच्यावर थेट टाकी ठेवली असती तर ती कलून तिचा तळ फाटला असता, आणि कुंपणापलीकडेच कामगारांची घरे होती. म्हणून पायाचे काम पाहणाऱ्या इंजिनिअर बाईंनी जमिनीत पाणी झिरपणाऱ्या उभ्या पट्ट्या खोचल्या आणि वर मला रचले, अगदी भरल्या टाकीच्या तोलाचा. माझ्या भाराने खालचे पाणी पट्ट्यांवाटे बाहेर येई आणि जमीन घट्ट होत जाई. ती किती खचली, हे जमिनीवर टेकवून माझ्या पोटातून वर काढलेल्या सळईवरून कळे.

मुकादम माझी भारी टिंगल करी. जावईबापूंसारखा नुसता बसून आहे, म्हणे. महिने गेले, तसा साहेबांचाही धीर सुटला. ढीग उद्याच हलवा, असा त्यांनी हुकूम सोडला. पण सळई अजून खाली जातच होती.

बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, हवं तर मला कामावरून काढा. ढीग आत्ता काढू नका. पलीकडे या मुकादमांची लेकरं झोपतात."

मुकादमाची मान खाली गेली. मग तोच म्हणाला, "राहू द्या साहेब. बसू द्या त्याला."

साहेब कुरकुरले, पण थांबले. सळई खाली जायची थांबली, तेव्हाच मला उचलले. टाकी उभी राहिली. काठोकाठ पाणी भरून तिची परीक्षा झाली आणि ती तसूभरही कलली नाही. माझा ऊर भरून आला. कौतुक मात्र सगळे टाकीचेच झाले हं!

मला कोपऱ्यात टाकले. अंगावर गवत माजले, कुणी फुटक्या बाटल्या फेकल्या. मुकादमाची नातवंडे घसरगुंडी खेळायला येत, तेवढाच विरंगुळा. परवा नवे साहेब आले आणि हा कचरा खाणीत ओता म्हणाले. बाईंचे केस आता पिकलेत. त्यांनी वाकून मला मूठभर हातात घेतले.

"कचरा कसला? शेजारी दुसरी टाकी यायची आहे. हे काम याच्याइतकं कुणाला येतं?"

मित्रांनो, कुणावरही मोठे ओझे टाकण्याआधी त्याला सावरायला वेळ द्या. आणि बसलेल्याला लगेच रिकामटेकडा म्हणू नका. चला, ट्रक आले. मला बसायला जायचे आहे.