रामाच्या तसबिरीवरची काच

मी काच बोलतेय. गोंदियातल्या एका राममंदिराच्या सभामंडपात रामपंचायतनाची लहानशी तसबीर टांगलेली आहे, तिच्यावरची काच. तुम्ही माझ्यातून आरपार रामाला बघता आणि निघून जाता. आज जरा थांबा. मला राग आलेला आहे आणि तो मी गिळणार नाही.

मी मुळात तसबिरीची नव्हेच. मी फोटोची काच. विलायतेच्या कारखान्यात माझ्या एका अंगावर मसाल्याचा थर दिला आणि काळ्या कागदात गुंडाळून मला डब्यात कोंबलं. अंगावर मसाला असेतो आमच्या जातीला एकदाच बघायला मिळतं, तेही दोन सेकंद. कॅमेऱ्याचं झाकण उघडतं, समोर असेल ते अंगावर उमटतं, संपलं. तोवर अंधारात नुसतं ऐकायचं.

मला टिकाराम नावाच्या फोटोवाल्यानं घेतलं. सन एकोणीसशे छत्तीसची, गेल्याच सालची गोष्ट. दिवाळी झाली होती, आणि मोहल्ल्यातल्या पंचांना हुक्की आली की सगळ्यांनी मिळून आपल्या देवळांतून फिरायचं आणि प्रत्येक देवळापुढं उभं राहून फोटो काढायचा. अकरा माणसं. पुढारी केशोराव, धानगिरणीचे मालक. राममंदिर यांनीच बांधलं म्हणे. यांनी आयुष्यात वीटसुद्धा उचलली नव्हती.

टिकारामचा हमाल तापानं पडला होता. म्हणून कॅमेऱ्याची लाकडी पेटी डोक्यावर घ्यायला जमुनाबाई आली. ती ज्या वस्तीतली, त्या वस्तीला देवळाची पायरी बंद. पण त्याच राममंदिराचा दगड तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, उदारामनं, वाहिला होता. कळसाच्या वेळी परांची मोडून उदाराम खाली आला तो उठलाच नाही.

"मजुरी नोको मले," ती टिकारामला म्हणाली. "एक फोटो काढून दे, त्या पायरीसमोर. पोरगी नागपूरले देली. तिले बापाचं तोंड आठवत नाई. माय तरी दिसू दे, आन् मायनं वाह्यलेला दगड."

"हाव बाई, देतो काढून," टिकाराम म्हणाला. मी त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत होते. मी ऐकलं.

पहिलं देऊळ मारुतीचं. टिकारामनं कॅमेरा उभा केला तसे केशोराव म्हणाले, "थांब. पेटी तिनं आणली नाई का? शुद्ध कर आधी." पुजाऱ्यानं गोमूत्र घातलेलं पाणी आणून कॅमेऱ्यावर चांगलं सपासप शिंपडलं.

"काऊन जी," जमुनाबाई लांबून म्हणाली, "दगड वाह्यलो तवा कोनी शिंपडलं नाई. तवा तं नुसतं, उचल लवकर, उचल लवकर."

"दगडाची मंग प्रतिष्ठा झाली," केशोराव म्हणाले. "पेटीची कुठं झाली?"

काय हे डोकं. आणि अकरातल्या एकालाही हसू आलं नाही. किराणा दुकानवाले मुन्नालाल मात्र कंटाळले होते. "जल्दी कर भई, धूप में मेरी पगडी का रंग जा रहा है."

मारुती, महादेव, विठ्ठल, राम. चार देवळं, चार वेळा शिंपडणं. कॅमेऱ्याचा भिंगामागचा घड्यांचा भाता चामड्याचा असतो. त्यावरचं जुनं ठिगळ भिजून सुटत गेलं. टिकारामला दिसत होतं. पण मोठ्या माणसांपुढं त्याची जीभ टाळूला चिकटायची.

राममंदिरापुढं अकरा जणांचा फोटो झाला. जमुनाबाई म्हणाली, "आता माहा."

"तिचा? देवळासंगं?" केशोराव म्हणाले. "उद्या म्हनन, मंदिर माहं व्हय."

टिकारामनं कॅमेरा पेटीत भरला. पेटी तिच्याच डोक्यावर देऊन तो परत निघाला. वाटेत ती एवढंच म्हणाली, "हाव म्हनला होता तू."

फुलचूर गावाच्या वाटेवर कडुलिंबाखाली मातामाय आहे. शेंदराचे चार दगड. भिंत नाही, पायरी नाही, म्हणून कोणाला बंदी नाही. कळस नाही, म्हणून पंचांनी फोटोसाठी तिला वगळलं होतं. तिथं टिकारामला लाज वाटली असावी. "इथं काढतो, बाई."

झाकण उघडलं. मी पाहिलं. गर्द सावलीत जमुनाबाई उभी होती. ओझं नव्हतं, तरी फडक्याची चुंबळ तिनं डोक्यावर ठेवली होती, दगड वाहताना ठेवायची तशी. मान ताठ. हसली नाही. दोन सेकंद, आणि ती सगळीच्या सगळी माझ्या अंगावर उतरली.

दुसऱ्या दिवशी अंधारखोलीत पंचांच्या चारही काचा वाया गेलेल्या निघाल्या. भात्याच्या भोकातून ऊन आत शिरलं होतं, अकरा तोंडांवरून पांढरा पट्टा फिरला होता. सावलीत काढलेली मी तेवढी स्वच्छ. चुंबळीचा धागान् धागा मोजून घ्यावा.

फोटो बघायला आलेल्या केशोरावांनी मला उजेडात धरलं. "आमी सारे पुसल्या गेलो आन् हेच राह्यली? लोकायले दाखवशीन तं आमचं काय राहीन? धुऊन टाक."

"कागदावर एक तरी उतरवू द्या जी," टिकाराम पुटपुटला.

"धुऊन टाक म्हनलं."

आणि त्यानं धुतलं. गरम पाणी, सोडा, ब्रश. आधी तिचे पाय गेले, मग लुगडं, मग तोंड. चुंबळ सगळ्यात शेवटी.

मी टेबलावर निथळत असताना जमुनाबाई दारात आली. माझ्याकडं तिची नजरही गेली, पण मी आता कोरी काच, तिला काय कळणार?

"तुहाबी खराब झाला, बाई," टिकाराम म्हणाला.

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "माहं नशीब," म्हणाली आणि गेली. नशीब नव्हतं, बाई. दोन माणसं होती. माझं बोलणं तुला ऐकू गेलं असतं तर तिथंच नावं घेतली असती.

मंदिरातल्या तसबिरीची काच तडकली होती, तिथं केशोरावांनी मला बसवलं. माझ्यावर कोणी पाणी शिंपडलं नाही. त्यांना मी शुद्ध वाटते. रोज सकाळी माझ्यात बघून ते टोपी सरळ करतात आणि मग हात जोडतात. जमुनाबाई बाहेर रस्त्यावरून, चप्पल हातात घेऊन, याच तसबिरीच्या दिशेनं हात जोडते.

तुम्ही तर पायरी चढून येता, उतरून जाता. उतरताना ती दिसली तर तिला एवढं सांगा. फोटो निघाला होता. चांगला निघाला होता.