मीनाला विचारलं तेव्हा

शेजारची मीना तिची आई गेल्यावर दोन वर्षं माझ्याकडे वाढली. माझा सोमवारचा उपास तीच सोडवायची. "मावशी, आ कर," म्हणत पहिला घास भरवायची.

गेल्या सोमवारीच बालकल्याण समितीसमोर तिचा सुरगाण्याचा मामा देवराम तिला न्यायला आला.

"मीना, तुला कुठे राहायचंय?" मॅडमनी विचारलं.

ती माझ्याकडे बघेना. "मावशी लय चांगली हाय. पण मामाकडं माझा भाऊ हाय."

"ताई, तुमचं काय म्हणणं?"

'नका नेऊ' अगदी ओठांवर आलं होतं. "तिला विचारलंत ना? मग तिचंच ऐका," मी म्हटलं.

संध्याकाळी महादेवाला नैवेद्य दाखवून ताट वाढलं. स्वतःच्या हातानं घास काही उचलवेना. दूध पिऊन निजले. उपास सोडायचा तसाच राहिला.