होडीतली पुढची जागा

“आठे नही,” म्हणत फुलीबाईनं जाळ्याची दोरी पायाखाली दाबून धरली. “खाले सागना खुटा शेतस. जायं फाडी टाकतीन.”

डोंगरसिंगनं उचललेलं जाळं पुन्हा मांडीवर घेतलं. आईच्या शब्दावर वाद घालायची त्याला सवय नव्हती. मयूरीनं मात्र पिवळा गोळा पाण्यात सोडला. मोसंबीएवढं ते यंत्र दोरीला बांधून तरंगत ठेवलं, की खालचा तळ फोनवर दिसायचा. पडद्यावरची रेघ जरा वेळ सपाट सरकली आणि मग एकदम करवतीसारखी दातेरी झाली.

“बरोबर!” मयूरी ओरडलीच. “फुलीमाय, तू ते यंत्रना बी पुढे शे!”

“मी आठे लाकडं येचेल शेतस,” फुलीबाई म्हणाली. “तुन्हं यंत्र काल उनं.”

मयूरी लोणखेड्याची. घरी केळी आणि ऊस, नोकरी कॉलेजात भूगोल शिकवायची. घरात गुजरी, वर्गात पुस्तकी मराठी आणि बाजारात अहिराणी अशा तीन जिभा तिच्या तोंडात होत्या. आत्मविश्वास मात्र तिन्ही भाषांत सारखाच. गेल्या हिवाळ्यात ती नर्मदा बघायला म्हणून मणिबेलीकडे आली आणि तिथून होडीनं पुढं या पाड्यावर पोचली. एका मुक्कामासाठी आलेली बाई तीन दिवस राहिली. जाईल तिथं काहीतरी सुधारून यायचं, हा तिचा स्वभावच होता. हिला जेवायला बोलावलं तर ही आपली मांडणी लावून देऊन जाते, असं तिच्या नणंदा म्हणत.

पाड्यावर सुधारण्यासारखं तिला जे दिसलं, ते असं. तीस वर्षांपूर्वी धरणाचं पाणी चढलं आणि गाव खाली गेलं. माणसं टेकडीवर सरकली. नांगर धरणाऱ्यांनी जाळी धरली. पण पाण्याखाली गाव तसंच होतं, त्यातले बांध, विहिरी, झाडांचे खुंट सगळं जागच्या जागी. जाळं कुठं सोडायचं आणि कुठं नाही, हे ज्यानं ते गाव पायांनी तुडवलं होतं त्यालाच कळायचं. म्हणून प्रत्येक होडीत पुढं एक म्हातारं माणूस बसायचं. समोरची खिंड आणि तिच्या मागचा सुळका एका रेघेत आला, की हे अमक्याचं शेत, टाक जाळं. एकेक करून ती माणसं गेली. आता अकरा होड्यांमध्ये एकटी फुलीबाई उरली होती आणि बाकीच्या दहा होड्या सकाळी तिला विचारून पाण्यात उतरत.

गेल्या महिन्यात मोटारीला हिसका बसला आणि फुलीबाई पाण्यात पडली. डोंगरसिंगनं उडी टाकून तिला वर काढलं, पण त्याचा धीर मोडला तो मोडलाच. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, गुडघे कुरकुरणारे, वय सत्तरीच्या पुढं. मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत ठरलं, की मॅडम यंत्र आणते म्हणाल्यात तर नकाशा करून घ्यायचा, तो अकराही होड्यांच्या फोनवर टाकायचा आणि त्यानंतर म्हातारं माणूस होडीत नको. डोंगरसिंगनंही मान डोलावली होती.

आज सकाळी होडीत चढताना फुलीबाई मयूरीचा हात धरून म्हणाली,

“तुन्हा नकाशा व्हयना, की मी काठवर. कोंबड्या राखसू.”

म्हणाली हसत हसतच. पण चढून झाल्यावरही तिनं तो हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. तिच्या भल्यासाठीच आहे सगळं, असं मयूरीनं स्वतःला बजावलं. ते खोटंही नव्हतं.

दुपारपर्यंत एकोणीस जागा झाल्या. आधी फुलीबाई सांगे, मग यंत्र. हेमराजची विहीर म्हटलं की रेघ खोल खड्ड्यात जाई. दगडी बांध म्हटलं की ती उभी चढे. एकदाही चूक नाही. मयूरीला आपल्या यंत्राचा अभिमान वाटावा की म्हातारीचा, हेच कळेना. डोंगरसिंग प्रत्येक वेळी फोनवर वाकून बघत होता. शाळा चौथीत सुटली असली तरी दहाव्या जागेपर्यंत तो पडदा वाचायला शिकला होता. ठिपके म्हणजे मासे, दाते म्हणजे झाड, हे तोच आता मयूरीच्या आधी सांगू लागला.

विसावी जागा टेकडीच्या कुशीत होती. तिथं पाणी अगदी थांबल्यासारखं.

“आठे महू शे,” फुलीबाई म्हणाली. “मोठा. लिखी ठेव. कोनीच टाकू नका.”

डोंगरसिंग मागं मोटारीच्या पंख्यात गुंतलेला दोर सोडवत पाठमोरा बसला होता. मयूरीनं गोळा सोडला. खोली पस्तीस फूट. तळ सपाट. मध्ये एक बुटका उंचवटा, दोन हातांचा, दोन्ही कडा सरळ. मोहाचं झाड तर सोडाच, साधं झुडूपही नव्हतं. आणि त्या उंचवट्यावर ठिपकेच ठिपके. सकाळपासून एकोणीस जागांत मिळून दिसले नव्हते एवढे मासे तिथं दाटीनं उभे होते.

तिनं गोळा ओढून पुन्हा टाकला. मग आणखी एकदा टाकला.

“फुलीमाय,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “आठे झाड नही.”

फुलीबाईनं होडीच्या कडेवरून हात पाण्यात सोडला.

“नही,” ती म्हणाली. चोरी सापडल्याचा सूर त्यात अजिबात नव्हता. “घर शे. मन्हं. लाकूड, कौलं आम्ही वर लई गयात. जोतं कसं लई जातीन?”

“मासा कितला शेतस, माहीत शे तुले?”

“माले माहीत नही का? जोताना आडे बठतस.” मग ती पुढं झुकली आणि वर्गातल्या मठ्ठ पोरीला समजवावं तसं म्हणाली, “घरमा उनेल पाव्हनाले कोनी धरस का बाई? गये साल तू उनी, तुले आम्ही काय करं? खावाले दिधं ना?”

मयूरीला हसू आलं. आपण त्या माशांच्या पंगतीला बसलोय, हे तिला एकदम मान्य होऊन गेलं.

“डोंग्याले सांगू नको,” फुलीबाई आता खरोखर विनवत होती. “त्याले जवयपाईन जायं टाकता येस, तवयपाईन महूच सांगेल शे. आते मी खोटी पडनू, ते मन्हं कोन आयकी? आनि तठे अकरा जाया पडतीन.”

वर्गात मयूरी दरवर्षी पहिल्या तासाला एकच गोष्ट सांगत असे. जे दिसतं ते नकाशावर मांडायचं, जे वाटतं ते नाही. अठरा वर्षं तिनं हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. खरं मांडलं तर म्हातारीचं घर आणि शब्द दोन्ही जाणार होती. खोटं मांडलं तर ज्या डोंगरसिंगनं विश्वासानं यंत्राला होकार दिला, त्याच्या तोंडचा घास ती लपवणार होती. या वर्षी मासा कमी आहे, हे त्यानंच तिला चारदा सांगितलं होतं.

तोवर डोंगरसिंग फळ्यांवरून पाय टाकत पुढं आला आणि त्यानं हात पुढं केला. सकाळपासून एकोणीस वेळा दिला तसाच तिनं त्याला फोन दिला. आपण काय केलं, हे देऊन झाल्यावरच तिच्या ध्यानात आलं.

तो बघत राहिला. अंगठ्यानं पडदा मागं नेला, पुढं आणला. सपाट तळ, सरळ कडा, ठिपक्यांची दाटी. फुलीबाई समोरच्या टेकडीकडं बघत बसली होती, अंग चोरून. एवढीशी दिसत होती ती.

“महू शे,” डोंगरसिंग म्हणाला.

“दादा, पन पडदावर...”

“पडदा चुकना.” त्यानं फोन तिच्या हातात परत ठेवला. “उनीस जागा बरोबर, इसावी चुकना. सोसायटीमा मीच सांगसू. यंत्रले समदं दिसत नही. माय होडीमा लागीच.”

मग तो आईकडं वळला आणि तिला दटावल्यासारखं मोठ्यानं म्हणाला,

“पन पुढे नही बठानं आते. मझारना फळीवर.”

“मी पुढेच बठसू,” फुलीबाई म्हणाली. तिची पाठ लगेच ताठ झाली होती.

“मंग कंबरले ट्यूब बांधीसन बठ. टायरनी.”

“बांध. पन पुढेच.”

मयूरीनं विसाव्या खुणेवर बोट ठेवलं, ‘महू’ असं लिहिलं आणि पुढं ‘मोठा’ हेही. मग गोळा वर ओढून पदरानं पुसला.

डोंगरसिंगनं वल्हं घेतलं. होडी त्या थांबलेल्या पाण्यावरून हळूहळू सरकू लागली. फुलीबाई पुढं बसून ट्यूब कुणाच्या ट्रॅक्टरची मागायची, याचा स्वतःशीच हिशेब करत होती. मयूरी मागं सरकून डोंगरसिंगजवळ बसली.

“पानी चढनं तवय तू केवढा व्हता, दादा?”

“दहा वरीसना.” त्यानं दोनदा वल्हं मारलं. “कौलं मीच वाह्यात ना डोकावर. घरपाईन टेकडीलोंग. चार दिन लागनात.”

टेकडीची कूस पुरती मागं पडेपर्यंत तो वल्हंच मारत राहिला आणि मगच त्यानं मोटारीची दोरी ओढली.