धुपाटण्यावरची फुंकर

धायरीतल्या त्या सोसायटीचा हॉल गच्च भरला होता. मधोमध धुपाटणं, समोर सहा वर्षांची ओवी.

"फुंक, देवी. थांबायचं नाही," महाराज म्हणाले.

ओवी निखाऱ्यांवर जोरजोरात फुंकत राहिली. दोन-अडीच मिनिटांत तिची फुंकर तुटली, नजर हवेत अडकली, पापण्या फडफडू लागल्या.

"आली, आली," बायका कुजबुजल्या. हात जोडले गेले.

महाराजांनी मंत्र पुटपुटत पाणी शिंपडलं. ओवीने डोळे मिचकावले आणि काही झालंच नाही अशी पुन्हा फुंकू लागली.

"बघितलंत? नेणारा मी, आणणाराही मीच. उद्यापासून ते औषध बंद. देवीला विष चालत नाही."

ओवीच्या आजीने, शैलाताईंनी, मान डोलावली.

ओवीची आई नीरजा पुढे सरकली. औषध सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता, मात्रा अजून वाढवायची होती. अचानक तोडलंत तर मोठी फिट येईल, असं डॉक्टर दीपालींनी बजावलं होतं. पण पाणी पडताच लेक भानावर येते, हे तिनेही पाहिलं होतं. मग तिला तपासणीचा दिवस आठवला. ओवीच्या डोक्याला तारा लावून डॉक्टरांनी तिला तीन मिनिटं कागदी भिरभिरं फुंकायला लावलं होतं. तेव्हाही नजर अशीच अडकली होती. आणि पाणी तर कुणीच मारलं नव्हतं, तरी काही सेकंदांत ती भानावर आली होती.

"ओवी, बास," ती म्हणेपर्यंत उशीर झाला. नजर पुन्हा थिजली. महाराजांचा हात तांब्याकडे गेला. नीरजाने तांब्या मागे सारला आणि लेकीला मांडीवर ओढलं.

"कुणी हात लावू नका. एक, दोन, तीन..."

"अगं, पोरीच्या जिवाशी खेळतेस?" शैलाताई ओरडल्या.

"आठ, नऊ..." नीरजा मोजत राहिली. डॉक्टर चुकल्या असतील तर? "दहा, अकरा..."

ओवी हलली. "आई, मला एवढं घट्ट का धरलंयस?"

मागून निवृत्त शिक्षक श्यामसुंदर म्हणाले, "महाराज, आज पाण्याची बचत झाली म्हणायची."

"आईच्या हातातही देवी असते," महाराज सावरत म्हणाले.

"मग औषधही आईच्याच हातून जाईल," नीरजा म्हणाली.

संध्याकाळी डॉक्टर दीपालींनी फोनवर शैलाताईंना समजावलं, "मज्जापेशींना बारीक दारं असतात, काकू. विजेचा इशारा टोकाशी पोचला की कॅल्शियमची दारं उघडतात, आणि आत शिरलेलं कॅल्शियम निरोपाचं रसायन पुढच्या पेशीकडे सोडायला लावतं. ओवीच्या मेंदूत काही दारं भलत्या वेळी उघडतात. मग असंख्य पेशी एका ठेक्यात अडकतात आणि ती हरवते. भराभर श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, झटका येतो, नि बहुतेकदा काही सेकंदांत आपोआप थांबतो. औषध त्या दारांना आवर घालतं."

"म्हणजे तो तिला मुद्दाम फुंकायला लावत होता!" शैलाताई म्हणाल्या. त्यांनी बाटली उचलली. "नीरजा, किती द्यायचं? तूच माप भर."

नीरजाची भीती गेली नव्हती, पुढेही जाणार नव्हती. पण घाबरलेल्या प्रत्येक आईने चमत्कारापुढे हात जोडण्याआधी एकदा विचारावं, की महाराजांनी काहीच केलं नसतं तर काय झालं असतं? आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधाचा एक थेंबही तोडू नये.